मोटार भाड्याने घेणे

मोटार भाड्याने घेणे म्हणजे मालकी हक्क न घेता, ठरलेल्या मुदतीसाठी व ठरलेल्या मोबदल्यात मोटारगाडीचा वापर करण्याचा हक्क मिळवणे होय. ही मुदत काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत असू शकते. गाडी चालकासह घेतली जाते किंवा ग्राहक ती स्वतः चालवतो. दुसऱ्या प्रकाराला भारतात बोलचालीत 'सेल्फ-ड्राइव्ह' म्हणतात. भाड्याचा जाहीर दर आणि प्रत्यक्षात द्यावी लागणारी रक्कम यांत अनेकदा मोठी तफावत असते. किलोमीटरची मर्यादा, विमा, इंधन, अनामत रक्कम आणि गाडी परत करतानाची तपासणी ही त्यामागची प्रमुख कारणे आहेत. त्यामुळे दोन सेवांची तुलना करताना केवळ दिवसाचा दर न पाहता संपूर्ण प्रवासाचा एकूण खर्च आणि अपघात झाल्यास येणारे दायित्व या दोन्हींचा विचार करावा लागतो.

प्रकार

भाड्याच्या मोटारींचे ढोबळमानाने पुढील प्रकार पडतात.

- चालकासह मोटार : महाराष्ट्रात लग्नकार्य, देवदर्शन, सहली व कार्यालयीन दौरे यांसाठी हा प्रकार सर्वाधिक रूढ आहे. गाडी पर्यटक परवान्यावर चालते व भाडे किलोमीटरनुसार किंवा तासांनुसार आकारले जाते.
- स्वतः चालवण्याची मोटार : ग्राहकाकडे वैध वाहन चालक परवाना असणे आवश्यक असते. भाडे दिवसावर किंवा तासावर ठरते आणि इंधनाचा खर्च बहुधा ग्राहकाकडे असतो.
- सामायिक मोटार : सभासद नोंदणी करून शहरातील ठराविक ठिकाणी उभी असलेली गाडी काही तासांसाठी घेतली जाते.
- व्यक्तींमधील भाडेव्यवहार : खासगी मालक आपली गाडी एखाद्या ऑनलाइन मंचाद्वारे इतरांना वापरण्यास देतो.

मीटरवर चालणारी टॅक्सी व रिक्षा यांचा समावेश या विषयात होत नाही. त्यांत प्रवासी अंतराचे भाडे देतो, तर भाड्याच्या मोटारीत वाहनच ठराविक काळासाठी ग्राहकाच्या सेवेत असते.

इतिहास

जर्मनीतील म्युनिक येथे मार्टिन सिक्स्ट यांनी इ.स. १९१२ मध्ये तीन गाड्यांनिशी मोटारी भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू केला. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे जो साँडर्स यांनी १९१६ मध्ये फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' गाडी भाड्याने देण्यास आरंभ केला. गाडीच्या चाकाला अंतर मोजणारे यंत्र बसवून मैलामागे १० सेंट या दराने ते आकारणी करत. अंतरानुसार भाडे घेण्याची ही पद्धत पुढे या व्यवसायाचा पाया ठरली.

१९१८ मध्ये शिकागो येथे वॉल्टर जेकब्स यांनी बारा मॉडेल टी गाड्यांसह व्यवसाय थाटला. १९२३ मध्ये जॉन हर्ट्झ यांनी तो विकत घेतला. त्यातूनच 'हर्ट्झ' हे नाव रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धापर्यंत भाड्याच्या मोटारींची कार्यालये मुख्यतः शहरांत व रेल्वे स्थानकांच्या परिसरात असत. १९४६ मध्ये वॉरन एव्हिस यांनी मिशिगन राज्यातील विलो रन विमानतळावर आपली सेवा सुरू केली आणि विमानप्रवास व मोटारभाडे यांची सांगड घातली गेली. १९५७ मध्ये सेंट लुईस येथे जॅक टेलर यांनी स्थापन केलेल्या, पुढे 'एंटरप्राइज' या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने मात्र विमानतळांऐवजी निवासी वस्त्यांमधील ग्राहकांवर भर दिला.

२००० मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे 'झिपकार' या सामायिक मोटार सेवेची सुरुवात झाली. २०१३ मध्ये एव्हिस समूहाने ती विकत घेतली. त्याच वर्षी बंगळूर येथे 'झूमकार' या कंपनीने स्वतः चालवण्याच्या मोटारींची सेवा सुरू केली आणि मोबाइल ॲपवरून गाडी आरक्षित करण्याची पद्धत भारतातील शहरांत परिचित झाली.

कोविड-१९ साथीच्या काळात प्रवास थांबल्याने या व्यवसायाला मोठा फटका बसला. हर्ट्झ कंपनीने मे २०२० मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीसाठी अर्ज केला. अनेक कंपन्यांनी आपल्या गाड्या विकून टाकल्या. २०२१ मध्ये प्रवास पूर्ववत होऊ लागला तेव्हा गाड्यांचा तुटवडा निर्माण झाला व अमेरिकेत भाडी झपाट्याने वाढली. भाड्याचा दर गाडीच्या प्रतीपेक्षा त्या दिवशीच्या उपलब्धतेवर किती अवलंबून असतो, याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

भारतातील कायदेशीर चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ७५ अन्वये, ग्राहकाने स्वतः चालवण्यासाठी मोटारी व मोटारसायकली भाड्याने देण्याच्या व्यवसायाचे नियमन करणारी योजना आखण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. त्यानुसार 'रेंट अ कॅब योजना, १९८९' आणि 'रेंट अ मोटारसायकल योजना, १९९७' लागू करण्यात आल्या. मोटारींच्या योजनेत परवानाधारकाकडे किमान ५० गाड्या असणे व त्यांतील किमान निम्म्या वातानुकूलित असणे अपेक्षित आहे. मोटारसायकलींसाठी ही किमान संख्या पाच आहे.

वाहनाचा वापर कोणत्या प्रकारचा आहे हे नोंदणी क्रमांकाच्या पट्टीच्या रंगावरून ओळखता येते.

| वाहनाचा प्रकार | पट्टीचा रंग | अक्षरांचा रंग |
|---|---|---|
| खासगी वाहन | पांढरा | काळा |
| टॅक्सी व इतर परिवहन वाहने | पिवळा | काळा |
| स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिलेले वाहन | काळा | पिवळा |
| विजेवर चालणारे खासगी वाहन | हिरवा | पांढरा |
| विजेवर चालणारे परिवहन वाहन | हिरवा | पिवळा |

हा भेद केवळ औपचारिक नाही. खासगी मोटारीच्या विमापत्रात, गाडी भाड्याने दिल्यास विमासंरक्षण लागू होणार नाही, अशी अट असते. पांढऱ्या पट्टीची गाडी पैसे घेऊन वापरायला दिली असता अपघात झाल्यास गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. अपघातात तिसरी व्यक्ती जखमी किंवा मृत झाल्यास, परवान्याविना भाड्यासाठी केलेला वापर हा करारभंग ठरतो आणि त्या आधारे कंपनी न्यायाधिकरणापुढे आपले दायित्व नाकारण्याचा मुद्दा मांडू शकते. अशा वेळी भरपाईचा बोजा मालकावर व चालवणाऱ्यावर पडण्याचा धोका असतो. शिवाय, परवान्याविना वाहनाचा परिवहनासाठी वापर केल्यास अधिनियमाच्या कलम १९२-अ नुसार दंड व कारावासाची तरतूद आहे. त्यामुळे पांढऱ्या पट्टीच्या गाडीचे भाडे दिवसाला काही शे रुपयांनी कमी असले, तरी तो फरक ही बचत नसून न घेतलेल्या संरक्षणाची किंमत असते.

भाड्याची रचना

चालकासह मोटार

महाराष्ट्रात शहरांतर्गत वापरासाठी '८ तास, ८० किलोमीटर' अशी आकारणी रूढ आहे. त्यापुढील प्रत्येक तास व किलोमीटरसाठी वेगळा दर असतो. बाहेरगावच्या प्रवासासाठी किलोमीटरमागे दर ठरतो, मात्र दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटरचे भाडे धरले जाते. गाडी त्याहून कमी धावली तरी किमान अंतराचे पैसे द्यावे लागतात. याखेरीज चालकाचा भत्ता, रात्रीच्या प्रवासाचा भत्ता, टोल, पार्किंग आणि परराज्यात जाताना भरावा लागणारा कर यांची वेगळी आकारणी होते. बहुतेक ठिकाणी अंतर व वेळ यांची मोजणी गाडी व्यावसायिकाच्या ठिकाणाहून निघाल्यापासून तेथे परतेपर्यंत केली जाते. ग्राहक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत असल्यास त्याचा भार एकूण रकमेवर पडतो. काही व्यावसायिक मध्यरात्रीनंतर नवा दिवस धरतात, तर काही प्रवास सुरू झाल्यापासून २४ तास मोजतात. रात्री दहाला निघून दुसऱ्या दिवशी परतणाऱ्या प्रवासात या एका अटीमुळे भाडे दुप्पट होऊ शकते.

स्वतः चालवण्याची मोटार

या प्रकारात मूळ भाड्यावर वस्तू व सेवा कर, घरपोच गाडी आणून देण्याचे शुल्क, किलोमीटरची मर्यादा ओलांडल्यास अधिभार, उशिरा परत केल्यास तासाचा दंड आणि परत मिळणारी अनामत रक्कम यांची भर पडते. अनेक व्यावसायिक गाडीत स्थाननिरीक्षण यंत्र बसवतात आणि वेगमर्यादा ओलांडल्यास किंवा करारात नमूद नसलेल्या राज्यात गाडी नेल्यास दंड आकारतात.

तुलनात्मक उदाहरण

पुण्याहून दोन दिवसांच्या प्रवासाचे पुढील उदाहरण गणिताची पद्धत स्पष्ट करण्यासाठी आहे. त्यातील दर गृहीत धरलेले आहेत. चालकासह मोटारीचा दर किलोमीटरला १३ रुपये, किमान अंतर दिवसाला ३०० किलोमीटर व चालकाचा भत्ता दिवसाला ४०० रुपये मानला आहे. स्वतः चालवण्याच्या मोटारीचे भाडे करासह दिवसाला २,५०० रुपये, किलोमीटरची मर्यादा नाही, इंधन लिटरला १०५ रुपये आणि गाडीची सरासरी लिटरला १४ किलोमीटर धरली आहे. टोल दोन्हीकडे सारखाच असल्याने तो वगळला आहे.

| एकूण अंतर | चालकासह | स्वतः चालवून |
|---|---|---|
| २८० कि.मी. | ८,६०० रुपये | ७,१०० रुपये |
| ४८० कि.मी. | ८,६०० रुपये | ८,६०० रुपये |
| ६०० कि.मी. | ८,६०० रुपये | ९,५०० रुपये |
| ८०० कि.मी. | ११,२०० रुपये | ११,००० रुपये |

२८० किलोमीटरच्या प्रवासात चालकासह मोटार घेणारा ग्राहक प्रत्यक्षात ६०० किलोमीटरचे भाडे देतो. म्हणजे त्याला किलोमीटरमागे १३ नव्हे, तर सुमारे ३१ रुपये पडतात. अंतर ४८० किलोमीटरच्या पुढे गेल्यावर चालकासह गाडी स्वस्त पडू लागते व सुमारे ७६४ किलोमीटरनंतर पारडे पुन्हा फिरते. जवळच्या ठिकाणी मुक्काम करून परतायचे असल्यास स्वतः गाडी चालवणे, तर किमान अंतर पुरेपूर वापरले जात असल्यास चालकासह गाडी घेणे किफायतशीर ठरते, असा याचा अर्थ आहे. चालकाची विश्रांती, घाटरस्त्यांचा अनुभव व रात्रीचा प्रवास या बाबी मात्र अशा कोष्टकात मोजता येत नाहीत.

विमा व नुकसानीचे दायित्व

भाड्याच्या मोटारीचा विमा असतो, याचा अर्थ ग्राहकाला काहीही द्यावे लागत नाही असा नाही. बहुतेक करारांत नुकसानीचा पहिला ठराविक हिस्सा ग्राहकाने सोसावा, अशी अट असते. अमेरिका व युरोपमध्ये जादा शुल्क घेऊन ही जबाबदारी कमी किंवा माफ केली जाते. अमेरिकेत अशी 'टक्कर-नुकसान माफी' तांत्रिकदृष्ट्या विमा नसून, नुकसानीची वसुली न करण्याचे कंपनीने दिलेले वचन असते. टायर, काचा, गाडीचा तळभाग व हरवलेली किल्ली यांचा त्यात अनेकदा समावेश नसतो. मद्यपान करून गाडी चालवणे, करारात नाव नसलेल्या व्यक्तीच्या हाती गाडी देणे किंवा निषिद्ध रस्त्यावर गाडी नेणे यांमुळे ही माफी रद्द होते. काही वेळा दुरुस्तीच्या खर्चाबरोबरच गाडी दुरुस्तीत असतानाच्या दिवसांचे बुडालेले भाडेही मागितले जाते.

काउंटरवर विकले जाणारे जादा संरक्षण बहुधा महाग असते. काही क्रेडिट कार्डे व प्रवास विमापत्रे हेच संरक्षण देतात. मात्र त्यांत बऱ्याचदा ग्राहकाने आधी स्वतः रक्कम भरून नंतर दावा करायचा असतो. म्हणून स्वस्त पर्याय निवडणाऱ्याकडे तेवढी रक्कम तात्पुरती गुंतवण्याची सोय असावी लागते.

इंधन, अनामत व गाडीची तपासणी

इंधनाबाबत दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत टाकी जितकी भरलेली मिळाली तितकीच भरून परत करायची असते. दुसरीत पूर्ण टाकीचे पैसे आधी घेतले जातात व उरलेल्या इंधनाचा परतावा मिळत नाही. कमी अंतराच्या प्रवासात दुसरी पद्धत ग्राहकाला तोट्याची ठरते.

अनामत रक्कम रोख, हस्तांतरणाने किंवा कार्डावर राखून ठेवून घेतली जाते. ती परत मिळण्यावरून होणारे तंटे या व्यवसायात सर्वाधिक परिचित आहेत. ओरखडा किंवा पोचा आधीचा होता की नंतरचा, हा वाद बहुधा पुराव्याअभावी ग्राहकाच्या विरोधात जातो. त्यामुळे गाडी ताब्यात घेताना व परत करताना चारही बाजू, छत, चाके, काचा, आतील आसने, किलोमीटरचा आकडा व इंधनाचा काटा यांचे तारीख-वेळेसह चित्रीकरण करणे आणि जुन्या नुकसानीची नोंद करारपत्रावर करून त्यावर सही घेणे हितावह मानले जाते. कार्यालय बंद असताना किल्ली पेटीत टाकून गाडी परत केल्यास, पुढील तपासणीपर्यंत गाडीची जबाबदारी अनेक करारांनुसार ग्राहकाकडेच राहते.

परदेशात मोटार भाड्याने घेणे

भारतीय नागरिकाला परदेशात गाडी चालवण्यासाठी अनेक देशांत मूळ परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन चालक परवाना बाळगावा लागतो. तो प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळतो व त्याची मुदत एक वर्ष असते. भारत रस्ते वाहतुकीविषयीच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराचा पक्षकार आहे. जपानमध्ये याच करारानुसार दिलेला परवाना ग्राह्य धरला जातो.

परदेशातील दरात पुढील बाबींमुळे फरक पडतो.

- विमानतळावरील काउंटरवर विमानतळ प्राधिकरणाच्या शुल्कापोटी अधिभार लागतो. शहरातील कार्यालयात तो नसतो.
- २५ वर्षांखालील चालकांकडून अनेक कंपन्या जादा शुल्क घेतात.
- एका शहरात घेतलेली गाडी दुसऱ्या शहरात सोडल्यास वेगळी आकारणी होते.
- युरोपात स्वयंचलित गिअरची गाडी बहुधा महाग असते, तर अमेरिकेत बहुतेक गाड्या स्वयंचलितच असतात.
- काउंटरवर रक्कम रुपयांत भरण्याचा पर्याय स्वीकारल्यास विनिमयाचा दर सहसा प्रतिकूल असतो; स्थानिक चलनात भरणे स्वस्त पडते.
- बहुतेक कंपन्या अनामतीसाठी मुख्य चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड मागतात. ते नसल्यास आगाऊ पैसे भरूनही गाडी नाकारली जाऊ शकते.

गोव्यातील स्थिती

गोव्यात सार्वजनिक बससेवा रात्री मर्यादित असते व किनारे एकमेकांपासून दूर आहेत. त्यामुळे पर्यटक मोठ्या प्रमाणावर मोटारी व दुचाकी भाड्याने घेतात. काळ्या पट्टीवर पिवळी अक्षरे असलेली वाहने येथे सर्रास दिसतात. त्याचबरोबर खासगी पट्टीची वाहने भाड्याने देण्याचा प्रकारही आढळतो व त्याविरुद्ध वाहतूक यंत्रणा कारवाई करतात.

जानेवारी २०२३ मध्ये पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाल्यापासून गोव्यात दोन विमानतळ कार्यरत आहेत. मोपा उत्तर गोव्याच्या टोकाला, तर दाबोळी विमानतळ दक्षिण गोव्यात आहे. काणकोण तालुक्यातील पाळोळेला जाणाऱ्या प्रवाशाने स्वस्त विमानभाड्यासाठी मोपा निवडल्यास इंधन किंवा टॅक्सीचा खर्च त्या बचतीहून अधिक होऊ शकतो. नाताळ व नववर्षाच्या सुमारास मागणी वाढल्याने दर चढतात, तर पावसाळ्यात ते उतरतात.

ग्राहकांच्या अनुभवांची तुलना

सेवा निवडताना इतर ग्राहकांनी नोंदवलेल्या अभिप्रायांचा आधार घेतला जातो. या नोंदींचा उपयोग त्या कशा वाचल्या जातात यावर अवलंबून असतो. गाडी घेतल्या दिवशी लिहिलेला अभिप्राय काउंटरवरील वागणुकीविषयी सांगतो. अनामत परत मिळाली की नाही, हे त्यातून कळत नाही. एकाच कंपनीच्या दोन शाखा भिन्न व्यक्ती चालवत असल्यास त्यांच्या सेवेतही फरक पडतो, म्हणून कंपनीच्या सरासरी गुणांपेक्षा संबंधित शाखेच्या नोंदी अधिक उपयुक्त असतात. आरक्षण मध्यस्थ मंचामार्फत झाले असल्यास तक्रार मंचाविरुद्ध आहे की गाडी देणाऱ्याविरुद्ध, हेही वेगळे करावे लागते. एखाद-दुसऱ्या तीव्र तक्रारीपेक्षा, वेगवेगळ्या ग्राहकांनी एकाच स्वरूपाची कपात नोंदवलेली असणे अधिक अर्थपूर्ण असते.

ऑनलाइन अभिप्रायांची विश्वासार्हता वाढवण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये 'आयएस १९०००' हे मानक प्रसिद्ध केले. अभिप्राय गोळा करणे, पडताळणे व प्रसिद्ध करणे यांविषयीची तत्त्वे त्यात आहेत.

वाद व ग्राहक संरक्षण

२०१५ मध्ये युरोपीय आयोग व सदस्य देशांच्या ग्राहक संरक्षण यंत्रणांशी झालेल्या चर्चेनंतर एव्हिस-बजेट, एंटरप्राइज, युरोपकार, हर्ट्झ व सिक्स्ट या पाच मोठ्या कंपन्यांनी आपल्या व्यवहारात सुधारणा करण्याचे मान्य केले. आरक्षणाच्या वेळी एकूण किंमत दाखवणे, विम्याची माहिती स्पष्ट देणे, इंधनाबाबतचे धोरण सुधारणे व नुकसानीच्या आकारणीला आव्हान देण्याची संधी देणे यांचा त्यात समावेश होता.

अमेरिकेत हर्ट्झ कंपनीने गाड्या चोरीस गेल्याच्या चुकीच्या तक्रारी नोंदवल्याने आपल्याला अटक झाली, असा आरोप अनेक ग्राहकांनी केला. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने असे ३६४ दावे सुमारे १६.८ कोटी डॉलर देऊन मिटवत असल्याचे जाहीर केले. मुदतवाढ घेताना तिची लेखी नोंद जपणे का आवश्यक आहे, हे या प्रकरणातून दिसते.

भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अवाजवी प्रमाणात जास्त सुरक्षा अनामत मागणारा करार 'अनुचित करारा'च्या व्याख्येत येऊ शकतो. ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील ग्राहक आयोगातही तक्रार दाखल करता येते. त्यामुळे पर्यटनस्थळी झालेल्या व्यवहारासाठी पुन्हा तेथे जावे लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनापद्धतींविषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. सुरुवातीला कमी किंमत दाखवून पैसे भरतेवेळी ती वाढवणे आणि ग्राहकाच्या संमतीविना यादीत जादा सेवा घालणे या पद्धतींना त्यात मनाई आहे. आरक्षणाच्या शेवटच्या टप्प्यावर आपोआप जोडले जाणारे संरक्षण शुल्क या तत्त्वांच्या कक्षेत येऊ शकते.

हेही पाहा

- टॅक्सी
- मोटार वाहन अधिनियम, १९८८
- वाहन विमा
- वाहन नोंदणी क्रमांक
- ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९
- गोव्यातील पर्यटन